अमेरिकन डायमंड : खडा आणि पावती



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर चढला म्हणजे तो बोनस, किमान वेतन आणि टाळेबंदी यांवर बोलणार, असे श्रोते घरूनच ठरवून येतात. व्यवस्थापकांनीही आम्हांस विषय विचारला तो याच समजुतीने. आम्ही ‘अमेरिकन डायमंड’ असे कळविले, तेव्हा त्यांचा फोन आला की, विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना? चूक झालेली नाही. आज आम्ही त्या खड्यावरच बोलणार आहोत. या मंडपात बसलेल्या कितीतरी भगिनींच्या नाकात, कानात वा गळ्यात तो या घटकेसही असेल, आणि ज्यांच्या अंगावर नाही त्यांच्या कपाटात असेल. ज्या वस्तूवर कष्टकरी घरांतले एवढे पैसे खर्च होतात, ती वस्तू आहे तरी काय, हे त्या घरांना ठाऊक नसावे, याचे आम्हांस वाईट वाटते. आम्ही शाळा सातवीत सोडली. रसायनशास्त्र जे काही कळले ते कामगार कल्याण केंद्राच्या वाचनालयात बसून, आणि पुढे या एका खड्याच्या मागे लागून. तेव्हा कोठे चुकलो तर सभेतल्या जाणकारांनी खुशाल कान धरावा.

मागे लागण्याचे कारण सांगितले पाहिजे. २००९ साली आमच्या पट्ट्यातला एक कारखाना बंद पडला. देणी मिळावयास वर्ष लागणार हे आम्हांस दिसत होते, परंतु कॉलेजची फी वर्षभर थांबत नाही. आमच्या युनियनचे एक सभासद बायकोचा सोन्याचा सेट विकावयास निघाले, आणि ‘साहेब, तुम्ही बरोबर चला, दुकानात मला बोलता येत नाही’ म्हणाले. सेट म्हणजे एक पेंडंट आणि दोन कुड्या, अमेरिकन डायमंड जडविलेला. २००६ साली ज्या पेढीवरून घेतला तेथेच आम्ही गेलो. त्यांनी जपून ठेवलेली पावती पुढे केली. पावतीवर एकच वजन होते : अकरा ग्रॅम. पेढीवरच्या मुलाने सेट काट्यावर ठेवला, अकरा ग्रॅम भरला. मग तो आतल्या कारागिराकडे गेला. कारागिराने चिमट्याने एकेक नखी वर करून खडे काढले आणि कागदावर ठेवले. साठ खडे होते. पुन्हा वजन झाले, ते नऊ ग्रॅम आठशे मिलिग्रॅम.

“आणि खड्यांचे काय?” आम्ही विचारले.

“खड्यांचे काही नाही, काका. अमेरिकन डायमंड आहेत ते.”

“मग घेतेवेळी त्यांचे पैसे घेतले ते कसले?”

“तेव्हा एकूण वजनावर बिल होत असे. सगळीकडे तसेच होते.”

तीन वर्षांपूर्वी एक ग्रॅम दोनशे मिलिग्रॅम खडे सोन्याच्या भावाने विकले गेले होते, म्हणजे त्या वर्षीच्या दराने हजार रुपयांच्या आसपास. विकावयास गेल्यावर त्याच खड्यांचे वजन शून्य झाले. आमच्या सोबत्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला. दुकानाबाहेर आल्यावर ते एवढेच म्हणाले, ‘बायकोला सांगायचे कसे, की खडे खोटे होते?’ पुढे कित्येक दिवस आमच्या कानांत हे वाक्य घुमत होते. खडे खोटे होते की नाही, हे आम्हांस त्या वेळी सांगता आले नाही. आज सांगू शकतो.

या खड्याचे शास्त्रीय नाव क्युबिक झिर्कोनिया. बाजारात ‘सी. झेड.’ म्हणतात, ‘ए. डी.’ म्हणतात, आणि कित्येक दुकानांत ‘जरकन’ म्हणून खपवितात. हे शेवटचे नाव मात्र चुकीचे आहे. जरकन किंवा झिर्कॉन हे जमिनीत सापडणारे निराळे नैसर्गिक रत्न. त्यात झिर्कोनियमबरोबर सिलिका असते. आपला खडा म्हणजे झिर्कोनियम धातूचा नुसता ऑक्साइड, भट्टीत घडविलेला. नात्याचा धागा इतकाच की, झिर्कोनियम मिळते ते बहुतेक झिर्कॉनच्या वाळूतूनच. केरळात चवऱ्याच्या आणि तमिळनाडूत मनवलाकुरिचीच्या किनाऱ्यावर अशी वाळू आहे. दंतवैद्य दातावर झिर्कोनियाची टोपी बसवितात, तीही याच घराण्यातली. हिऱ्याशी मात्र याचे काडीचे नाते नाही. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, आणि या खड्यात कार्बनचा अंशही लागत नाही.

हिऱ्याची नक्कल करण्याचा उद्योग जुना आहे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये स्ट्रास नावाच्या जवाहिऱ्याने शिसे घातलेल्या काचेचे खडे असे काही चमकविले की, युरोपात अशा खड्यांना त्याचेच नाव पडले. परंतु काच ती काच. लवकर चरे पडत आणि कडा झिजत. विसाव्या शतकाच्या मध्यावर स्ट्रॉन्शियम टायटनेटचे खडे आले. त्यांत रंग इतके उधळत की, पाहणाऱ्यास संशय यावा, आणि ते मऊही होते. नंतर आणखी एकदोन आले व गेले. या सर्वांना बाजूस सारणारा खडा निघाला तो मॉस्कोत. नाव अमेरिकन आणि पाळणाघर सोव्हिएट, हा विनोद आम्हांस फार आवडतो.

क्युबिक झिर्कोनिया निसर्गात अगदीच नाही असे नव्हे. १९३७ साली स्टाकेलबर्ग आणि खुडोबा या दोघा जर्मन शास्त्रज्ञांना झिर्कॉनच्या एका नमुन्यात त्याचे सूक्ष्म कण आढळले, पण त्यांतून दागिना होणे शक्य नव्हते. पुढे मॉस्कोच्या लेबेदेव भौतिकी संस्थेत लेसरकरिता स्फटिक वाढविण्याचे काम चालले होते. याच संस्थेतल्या बासोव्ह व प्रोखोरोव्ह या दोघांना अमेरिकेच्या टाउन्स यांच्यासह १९६४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते मेसर-लेसरच्या पायाभूत संशोधनाबद्दल. तेथे ओसिको यांच्या नेतृत्वाखालच्या मंडळींनी झिर्कोनियाचे मोठे, स्वच्छ स्फटिक काढण्याची रीत पक्की केली व १९७३ साली ती प्रसिद्ध केली. १९७६ पासून खडा व्यापारी प्रमाणावर निघू लागला. रशियात त्याला ‘फियानीत’ म्हणतात, कारण त्या संस्थेच्या नावाची आद्याक्षरे ‘फियान’ अशी होतात. दागिन्याच्या नावात प्रयोगशाळेचे नाव राहिले, याचा तेथल्या कामगारांना अभिमान वाटत असेल.

ती रीत सांगितल्याशिवाय आम्हांस पुढे जाववत नाही, कारण भट्टीजवळ आयुष्य काढलेल्या माणसांत आम्ही वाढलो. झिर्कोनिया वितळते सुमारे २७५० अंश सेल्सियसला. आता हा रस ठेवावा कशात? लोखंड १५३८ अंशांना पाणी होते. प्लॅटिनम १७६८ ला. इरिडियमही अडीच हजारांच्या आतच हात टेकते. तात्पर्य, भांडेच नाही. तेव्हा त्यांनी असे केले की, तांब्याच्या पोकळ नळ्या बोटांसारख्या गोलाकार उभ्या करून त्यांची वाटी केली व नळ्यांतून थंड पाणी खेळते ठेवले. वाटीत झिर्कोनियाची भुकटी भरली. बाहेरून रेडिओ-लहरींच्या जातीची उच्च वारंवारतेची वीज लावली. गंमत अशी की, ही भुकटी थंड असताना तिच्यातून वीज जात नाही, त्यामुळे ती तापतच नाही. म्हणून मध्ये झिर्कोनियम धातूचे थोडे तुकडे टाकतात. ते तापतात, आजूबाजूची भुकटी वितळवितात, आणि एकदा वितळलेल्या भुकटीतून वीज वाहू लागली की, पुढचे सारे आपोआप पेट घेते. धातूचे तुकडे जळून त्यांचाही ऑक्साइडच होतो, म्हणजे मालात भेसळ राहत नाही. मध्ये असा रस उकळतो आहे, आणि कडेला तांब्याच्या गारव्यामुळे भुकटीचा पातळ थर न वितळता कवटीसारखा राहतो. त्या कवटीतच रस राहतो. भांडे त्याचेच, रसही त्याचाच! मग वाटी विजेच्या वेटोळ्यातून फार हळूहळू खाली उतरवितात. तळापासून उभे स्फटिक वाढत येतात. निवाल्यावर गड्डा फोडला की, आतून पाण्यासारखे स्वच्छ खांब निघतात.

एक अडचण तरीही उरते. शुद्ध झिर्कोनिया उष्ण असताना घनाकृती रचनेत असते, परंतु थंड होताना रचना बदलते, फुगते आणि तडकते. त्यावर उपाय म्हणजे त्यात थोडे यिट्रियमचे किंवा कॅल्शियमचे ऑक्साइड मिसळणे. हे परके अणू मधूनमधून जागा धरून बसतात आणि थंडीतही रचना मोडू देत नाहीत. आमच्या व्यवसायातल्या माणसास यावर दृष्टांत देण्याचा मोह होतो, पण अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत आहेत. याच रसात सिरियम घातले तर खडा पिवळा, नारिंगी वा तांबडा होतो, अर्बियम घातले तर गुलाबी, आणि निओडिमियम घातले तर जांभळट. लाल-गुलाबी खड्यांच्या कुड्या पाहून ‘माणिक का?’ असे विचारण्याआधी हे लक्षात असावे.

आता हिऱ्याशी तुलना करू. कठीणपणाच्या मोह्‌स मापनात हिरा १० वर आहे आणि हा ८ ते ८.५ वर. आकड्यांत अंतर थोडे दिसते, परंतु त्या मापनाच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. नऊ आणि दहा यांच्यातली शेवटची पायरी फार उंच आहे. घरातल्या धुळीत गारगोटीचे कण असतात, त्यांचा कठीणपणा ७. म्हणून रोजच्या वापरातही हा खडा काचेसारखा लगेच चरत नाही, मात्र वर्षानुवर्षांनी पैलूंच्या धारा बोथट होतात. ‘खडा काळा पडला’ अशी तक्रार आम्ही घरोघर ऐकतो. खडा काळा पडत नाही. त्याच्या पाठीमागे साबण, तेल आणि घाम यांचा थर साचतो. कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशाने पाठ साफ केली की, तो पूर्ववत होतो. पितळी दागिन्यावरचा सोन्याचा मुलामा उडतो ती निराळी गोष्ट, तो दोष खड्याच्या माथी मारू नये. एक पथ्य मात्र खरे आहे : दागिना झाळावयाचा असेल तर तापलेला खडा एकदम पाण्यात बुडवू नये, तडकण्याचा संभव असतो.

चकाकीच्या बाबतीत हा खडा हिऱ्याच्या पुष्कळ जवळ जातो आणि एका गोष्टीत पुढेही जातो. प्रकाश वळविण्याची त्याची शक्ती २.१५ ते २.१८, हिऱ्याची २.४२. म्हणून हिऱ्याचे पांढरे तेज थोडे अधिक. पण पांढरा प्रकाश फोडून इंद्रधनुष्याचे रंग उधळण्याची शक्ती हिऱ्यात ०.०४४ असते, ती यात ०.०६ च्या आसपास. लग्नमंडपाच्या दिव्यांखाली सी. झेड. जास्त रंगीत खेळतो, याचे कारण हे. पैलू दोघांचे एकच. १९१९ साली टोलकोव्स्की यांनी हिऱ्याकरिता गणिताने ज्या घडणीचे माप बसविले, तीच ५७-५८ पैलूंची घडण यालाही देतात.

आणि वजन. येथे आमची गोष्ट पुन्हा येते. हिऱ्याची घनता ३.५२, या खड्याची ५.६ ते ६. म्हणजे एक कॅरट हिऱ्याच्या मापाचा अमेरिकन डायमंड घ्या, तो सुमारे पावणेदोन कॅरट भरेल. पाच कॅरट म्हणजे एक ग्रॅम. सहा कॅरट खडे सेटमध्ये बसले की, काट्यावर एक ग्रॅम दोनशे मिलिग्रॅम वाढले. ज्या दागिन्यात हिरा आहे तेथे हिऱ्याचे वजन सोन्यात धरण्याचा प्रश्न येत नाही, कारण हिरा सोन्याहून महाग आहे. तेथे दुकानदार खड्याचा वेगळा कागद आपण होऊन करतो. स्वस्त खड्यालाच सोन्याच्या पंगतीत बसविले जाते, आणि तो जितका जड तितका अधिक लाभ. निसर्गाने दिलेला एक निरुपद्रवी गुण अशा रीतीने ग्राहकाच्या गळ्याला लागतो.

ओळखण्याच्या रीती थोडक्यात सांगतो. खड्यावर तोंडाची वाफ सोडावी. हिरा उष्णता फार झपाट्याने वाहून नेतो, म्हणून त्यावरची वाफ तत्क्षणी नाहीशी होते. सी. झेड. उष्णतेचा मंद वाहक, त्यावर ती रेंगाळते. सराफाकडचे पेनासारखे यंत्र याच तत्त्वावर चालते. सुटा खडा असेल तर वजन आणि माप यांचा मेळ पाहावा. भिंगातून पाहिले तर हिऱ्याच्या धारा तलवारीसारख्या दिसतात, याच्या किंचित गोलसर. परंतु केवळ या यंत्रावर विसंबू नये, कारण मॉयसनाइट नावाचा तिसरा भिडू ते यंत्र फसवितो. हा सिलिकॉन कार्बाइड. आंरी म्वासाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाला १८९३ साली अमेरिकेतल्या ॲरिझोना प्रांतात पडलेल्या उल्केच्या तुकड्यांत त्याचे कण आढळले, आणि १९९० नंतरच्या दशकात तो कारखान्यातून दागिन्यांत आला. तिरपे धरून भिंगातून पाहिल्यास त्याच्या पलीकडच्या धारा दुहेरी दिसतात. प्रयोगशाळेत वाढविलेला हिरा हे चौथे प्रकरण. तो कार्बनचाच असून खरोखरीचा हिरा आहे, त्याला अमेरिकन डायमंड म्हणणे चूक. तो ओळखणे घरगुती उपायांचे काम नव्हे.

या खड्याचा आमच्याकडे उपयोग किती प्रकारे होतो, हे भगिनींना आम्ही काय सांगावे? मंगळसूत्राचे पेंडंट, नाकातली चमकी, मोत्यांच्या नथेतला मधला खडा, बुगडी, बांगड्या, अंगठी. सोन्यात, चांदीत आणि पितळेवरच्या मुलाम्यात, तिन्हींत तो बसतो. चांदीतल्या दागिन्यांना तर त्याच्यामुळे नवे आयुष्य मिळाले. उष्णता बऱ्यापैकी सोसत असल्याने कारखान्यात तो मेणाच्या साच्यातच बसवून वर धातू ओतता येतो, त्यामुळे एकेक खडा हाताने बसविण्याची मजुरी वाचते. कोणाची वाचते, हे सांगावयास नको. जो हाताने बसवितो तो झवेरी बाजारच्या माडीवर भिंग लावून बारा-बारा तास बसतो. पितळी दागिन्यांत खडे चिकटविण्याचे काम मुंबईच्या उत्तर उपनगरांतल्या बायका घरी आणतात. त्यांतल्या काही जणी आमच्या सभेला येतात. एका सभेत आम्ही विचारले की, तुम्ही जो माल करता त्यातले काही अंगावर घालता का? एक बाई हसून म्हणाली, ‘दादा, चिमट्याने उचलून उचलून त्याची चमक डोळ्यांत इतकी जाते, की सणाला घालावेसे वाटत नाही.’ दुसरीने लगेच आपले कानातले दाखविले. ते तिने स्वतः जडविले होते, आणि ती ते मोठ्या ऐटीने मिरवीत होती.

अमेरिकन डायमंड घालण्यात कमीपणा मानणाऱ्यांचे आम्हांस नवल वाटते. हा खडा आपण हिरा आहोत असे कोठेही सांगत नाही. २७५० अंशांच्या आगीतून निघालेला तो एक स्वतंत्र पदार्थ आहे, आणि सांगितला तसा विकला गेला तर त्याची किंमतही रास्त आहे. आमच्या सोबत्याच्या सेटमध्ये खोटी होती ती पावती.

आता पावतीकडे वळू. १६ जून २०२१ पासून देशातल्या बऱ्याच जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एच. यू. आय. डी. क्रमांक असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्यांना आणि कुंदन, पोलकी, जडाऊ यांना सूट आहे. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बी. आय. एस. केअर’ या मोबाइल अ‍ॅपमध्ये घातला की, दागिन्याची माहिती दिसते. व्यवस्था चांगली आहे. परंतु बायाबापड्यांचा एक गैरसमज आम्ही रोज पाहतो. हॉलमार्क सांगतो तो सोन्याचा कस : ९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग सोने. दागिन्याच्या एकूण वजनात सोने किती आणि खडे किती, हे तो शिक्का सांगत नाही. ते पावतीने सांगावयाचे असते. हॉलमार्कच्या दागिन्याच्या पावतीवर वस्तूचे वर्णन, मौल्यवान धातूचे निव्वळ वजन, कस आणि हॉलमार्कचा आकार वेगळा लिहिलेला असावा लागतो. ‘निव्वळ’ हा शब्द लक्षात ठेवा. एकूण वजन एका रकान्यात, खड्यांचे दुसऱ्यात, निव्वळ सोन्याचे तिसऱ्यात, आणि सोन्याचा भाव फक्त तिसऱ्याला, असे लिहून मागा. खड्यांचे पैसे वेगळे लावले तर ते देण्यास आमची हरकत नाही, ते दिसले मात्र पाहिजेत. घडणावळ कोणत्या वजनावर लावली तेही विचारा. कित्येक ठिकाणी सोने निव्वळ वजनाने आणि घडणावळ एकूण वजनाने लावतात. असे केले की, गेलेला चोर मागच्या दाराने आत येतो.

दुकानात हे विचारावयास जीभ रेटत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. समोर गादी, पंखा, थंड पेय, आणि ‘वहिनी, आपल्याच घरचे दुकान समजा.’ कारखान्याच्या व्यवस्थापकापुढे मूठ आवळून उभा राहणारा माणूस सराफाच्या गादीपुढे मान खाली घालतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आमचीही गत त्या दिवशी तशीच झाली होती. कायदा तेव्हा आजच्यासारखा नव्हता हे खरे, पण पावतीकडे पाहून चार शब्द अधिक बोलता आले असते, ते आम्ही बोललो नाही.

तेव्हापासून युनियनच्या कचेरीत आम्ही एक लहान काटा ठेवला आहे, दहा मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा. दिवाळीच्या व लग्नसराईच्या आधी बायका दागिने व पावत्या घेऊन येतात. खडे जडलेले असताना ते तोलता येत नाहीत, म्हणून आम्ही खड्यांचा व्यास पट्टीने मोजतो, नग मोजतो आणि कोष्टकावरून अंदाज काढतो. अडीच मिलिमीटर व्यासाचा एक गोल सी. झेड. साधारण एक दशांश कॅरट भरतो. असे साठ म्हणजे सहा कॅरट. आकडा पावतीतल्या खड्यांच्या वजनाशी जुळला तर चहा पिऊन त्या घरी जातात. जुळला नाही तर आमच्यातले दोघे त्यांच्याबरोबर दुकानात जातात. बहुतेक वेळा भांडावे लागत नाही, पावती बदलून मिळते.

त्या साठ खड्यांचे काय झाले, असे कोणी विचारील. आमच्या सोबत्याच्या मुलीने कॉलेज पुरे केले, नोकरी धरली, आणि पहिल्या पगारात आईकरिता चांदीचा तसाच सेट करून घेतला. कागदाची पुडी आईने डब्यात जपून ठेवली होती. मधल्या काळात तीन खडे कोठे पडले कोण जाणे. सत्तावन्न जुने बसविले आणि तीन नवे घातले. कोणते नवे, हे आता त्या माउलीलाही सांगता येत नाही.